एकटीचीच चौकडी!

दोस्तांनो, स्नेहसंमेलनात समूहगीत बसवताना काय काय गोंधळ होतात, आठवतं ना? कुणी तालमीला दांडी मारतो, कुणाचा घसा बसतो, तर कुणी ऐन वेळी रुसून बसतं. समजा, कुणीच आलं नाही आणि तुम्ही एकटेच उरलात, तर? गाणं रद्द? आजच्या गोष्टीतल्या मुलीवर थोडीफार अशीच वेळ आली होती. तिनं काय केलं, ते वाचा तर खरं!

तिचं नाव क्लारा अ‍ॅन फाउलर. जन्म १९२७ सालचा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या क्लेअरमोर गावी. वडील रेल्वेत मजुरी करायचे. आई आणि मोठ्या बहिणी कापूस वेचायला जायच्या. तिला धरून भावंडं किती? एक-दोन नव्हे, अकरा! घरात वीज नव्हती. दिवस मावळला की पुस्तक मिटून ठेवायचं, कारण अंधारात वाचणार कसं?

पण क्लाराचा गळा गोड होता. अठराव्या वर्षी तिला टल्सा शहरातल्या 'केटीयूएल' या रेडिओ केंद्रावर पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात गायला मिळालं. कार्यक्रमाचा खर्च करायची 'पेज मिल्क कंपनी', म्हणजे एक दूध कंपनी. तुमच्या आजी-आजोबांना 'बिनाका गीतमाला' विचारून बघा. बिनाका हे टूथपेस्टचं नाव होतं, बरं का! आपल्याकडे कार्यक्रमाला कंपनीचं नाव मिळालं, तिकडे तर चक्क गायिकेलाच मिळालं. रेडिओवर क्लाराची झाली 'पॅटी पेज'.

१९४६ साली जॅक रेल नावाचा सॅक्सोफोनवादक एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी टल्साला आला होता. जिमी जॉय यांच्या वाद्यवृंदाची व्यवस्थाही तोच बघायचा. त्यानं रेडिओवर पॅटीचा आवाज ऐकला आणि तिला वाद्यवृंदात बोलावलं. मग काय, गावोगाव दौरे सुरू! पुढच्या वर्षी शिकागोत 'मर्क्युरी' या रेकॉर्ड कंपनीनं तिच्याशी करार केला. दुधाच्या कंपनीचं नाव मात्र तिनं जन्मभर वापरलं.

आता येते खरी गंमत. १९४७ च्या शेवटी 'कन्फेस' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. या गाण्यात एक आवाज म्हणतो आणि दुसरा त्याला उत्तर देतो. म्हणजे साथीला गाणारे हवेतच! पण ते आणायचे कुठून? कुणी म्हणतं, नव्या गायिकेसाठी एवढा खर्च करायला कंपनी तयार नव्हती. कुणी तेव्हाच्या संपाकडे बोट दाखवतं. १ जानेवारी १९४८ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. त्याआधी गाणी उरकून घ्यायची सगळ्याच कंपन्यांची धांदल चालली होती.

शेवटी ठरलं, की दुसरा आवाजही पॅटीनंच द्यायचा! पण एका माणसानं एकाच वेळी दोन ओळी कशा गायच्या?

तेव्हा टेपरेकॉर्डर अमेरिकन स्टुडिओंत नुकते कुठे येऊ लागले होते. बहुतेक काम तबकड्यांवरच चालायचं. युक्ती साधीच होती. पहिल्यांदा गाऊन एक तबकडी तयार करायची. मग ती वाजवायची, गायिकेनं ती ऐकत दुसरी ओळ गायची आणि जुना-नवा असे दोन्ही आवाज मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचे. सांगायला सोपं, करायला महाकठीण! मध्येच कुठे चूक झाली, तर तेवढीच पुसून टाकायची सोय नव्हती. पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवाय तबकडीवरून तबकडीवर घेताना खरखर वाढायची ती वेगळीच.

पण गाणं जमलं आणि १९४८ मध्ये लोकांना आवडलंही. स्वतःच स्वतःची साथ करणाऱ्या पहिल्या काही गायकांमध्ये पॅटीचं नाव घेतलं जातं. पुढे तर एका गाण्यात तिनं चार आवाज दिले. तबकडीवर छापलं होतं 'पॅटी पेज क्वार्टेट'. क्वार्टेट म्हणजे चौघांची चौकडी. आणि चौघी कोण? पॅटी, पॅटी, पॅटी आणि पॅटी!

१९५० मध्ये 'टेनेसी वॉल्ट्झ' आलं. तबकडीच्या मुख्य बाजूला नाताळचं गाणं होतं. हे आपलं मागच्या बाजूला टाकलेलं. पण लोकांनी तबकडी उलटली आणि मागचंच गाणं डोक्यावर घेतलं! त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्यातही पॅटीच्या सोबतीला पॅटीच होती. १९६५ मध्ये टेनेसी राज्यानं हे गाणं आपलं राज्यगीत म्हणून स्वीकारलं. पॅटीला पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो थेट १९९९ साली, वयाच्या ७१व्या वर्षी. १ जानेवारी २०१३ रोजी ती गेली.

आज स्टुडिओत एकाच गायकाचे दहा आवाज सहज एकमेकांवर चढवता येतात. त्याचं कुणाला नवलही वाटत नाही. पण पॅटीच्या वेळी ही हौस नव्हती, अडचण होती. साथ मिळत नाही म्हणून ती हातावर हात धरून बसली असती, तर?

आता तुम्हीही एक प्रयोग करून बघा. घरातले दोन मोबाइल मागून घ्या. पहिल्यावर 'एक, दोन, तीन' म्हणून एखादी ओळ गा. मग तो मोठ्यानं लावा, त्याच्यासोबत वेगळ्या सुरात गा आणि दोन्ही आवाज दुसऱ्या मोबाइलवर टिपा. पहिला आवाज थोडा दबलेला वाटेल, ताल निसटेल, हसूही येईल. येऊ दे! पाच-सहा वेळा करून बघा. मग कळेल, की स्वतःशी सूर जुळवायचा म्हणजे आधी स्वतःचं नीट ऐकावं लागतं.

जमलं तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच, एका नव्या आवाजासोबत!