सस्नेह निमंत्रण सर्वांना असते



पावसाळ्याच्या तोंडाला विद्यापीठांचे प्रवेश होतात आणि मग इतिहास विभागाच्या फलकावर एकामागून एक कागद लागू लागतात. आधी नव्या विद्यार्थ्यांचा स्वागत समारंभ. नंतर बाहेरून आलेल्या एखाद्या प्राध्यापकांचे व्याख्यान. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह, त्या निमित्ताने एखादे प्रदर्शन किंवा लेण्यांची भेट. थंडीत दोन दिवसांचे चर्चासत्र आणि अभ्यास सहल. परीक्षा जवळ आली की निरोप समारंभ. थोड्याफार फरकाने वर्षाचा क्रम असाच असतो. आपली मुलेही हे कागद वाचतात, आणि वाचून पुढे निघून जातात. आज आम्हाला त्याबद्दल बोलायचे आहे.

आमच्या वस्तीतील एक मुलगी यंदा एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला गेली. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. घरात पदवी घेणारी ती पहिलीच. परवा ती अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या वहीतून गेल्या वर्षीच्या चर्चासत्राची निमंत्रणपत्रिका खाली पडली. आम्ही विचारले, "काय गं, कसे झाले चर्चासत्र?" ती म्हणाली, "मी गेलेच नाही काका. तिथं मोठमोठी माणसं येतात. आणि त्याचे मार्क थोडेच मिळतात?" सहलीलाही ती गेली नव्हती. वर्गणीचे पैसे आईजवळ मागायला तिची जीभ रेटली नाही. स्वागताच्या आणि निरोपाच्या कार्यक्रमाला चांगली साडी लागते, म्हणून तेही राहिले.

आम्ही तिला रागावलो नाही. आम्हीच तिच्या जागी होतो. बी. कॉम. करत असताना एका मित्राच्या आग्रहाखातर आम्ही एकदा अशा चर्चासत्राला गेलो होतो. शेवटच्या रांगेत बसलो. चहाची सुट्टी झाली आणि आम्ही गुपचूप घरी निघून आलो, कारण चहा पाहुण्यांसाठी असेल असे वाटले. चहा सर्वांसाठीच होता. आम्हाला कोणी बाहेर काढले नव्हते, आम्हीच स्वतःला बाहेर काढले होते. आज वीस वर्षे कारकुनी करून, हजारो पत्रे आवक-जावक करून आम्हाला एवढे कळले आहे की, कागदावर 'सर्वांना सस्नेह निमंत्रण' लिहिले असेल तर त्या 'सर्वां'त आपणही असतो.

चर्चासत्र म्हणजे काय चीज आहे, हे आपल्या घरांत सांगितले पाहिजे. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हाची गोष्ट घ्या. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे तर अनेक अभ्यासक्रम घेतलेच, शिवाय इतिहासाचेही अकरा घेतले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे. समोर ना मैदान होते ना लाखोंचा जनसमुदाय. विद्यापीठातले अभ्यासकांचे ते चर्चासत्र होते. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापला गेला आणि आज शंभरहून अधिक वर्षांनी तो जगभर अभ्यासला जातो. विद्यार्थिदशेतले बाबासाहेब 'त्याचे मार्क थोडेच मिळतात' म्हणून घरी बसले असते तर?

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपल्या समाजाने सोळा-सतरा वर्षे काय सोसले, ते वाचकांना सांगायला नको. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी आपण गाड्या करून प्रवेशद्वाराला वंदन करायला जातो. जावेच. पण वंदन करून प्रवेशद्वारातूनच परत का फिरायचे? आत इतिहासाचा विभाग आहे. मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्याच जिल्ह्यात कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या खांबावर दोन हजार वर्षांपूर्वी पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तरविक्याच्या कुळाने दान दिल्याचा लेख आहे, तर एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्याचे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, असे तिथला लेख सांगतो.

राजांची नावे सगळ्या पुस्तकांत असतात. सोनाराचे, सुताराचे नाव शोधायला लागतो तो ब्राह्मी लिपी शिकलेला आणि प्राकृत समजणारा माणूस. ही विद्या अशा सहलींत आणि चर्चासत्रांतच पुढे जाते. लेण्यापुढे उभे राहून गुरुजी अक्षर अन् अक्षर लावून दाखवतात, ते घरी बसून कसे कळणार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पाली आणि प्राकृत या भाषांनाही अभिजात दर्जा दिला. दर्जा मिळाला, पण शिकायला आपली मुले पुढे आली नाहीत तर त्याचा आपल्याला उपयोग काय?

कोणी म्हणेल, व्याख्यान-सहलीचे ठीक, पण स्वागत-निरोपाच्या चहापाण्याला कशाला जायचे? आमचे सांगणे असे की, त्यालाही जावे. नेट-सेटचा अभ्यास कसा करायचा, बार्टीच्या अधिछात्रवृत्तीचा अर्ज केव्हा निघतो, कोणते सर कोणत्या विषयाला मार्गदर्शन करतात, ही माहिती वरच्या वर्गातली मुले चहा पिता पिता देतात. ज्यांच्या घरी दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्यांना ती घरातच मिळते. आपल्या मुलांना ती तिथेच मिळवावी लागते. साडी साधी असली तरी चालते. ओळख झाली पाहिजे.

राहिला प्रश्न पैशाचा. तो खराच आहे आणि त्याला उपाय मुलांनी नव्हे, आपण शोधायचा आहे. जयंतीला प्रत्येक वस्ती वर्गणी काढते. मंडप, रोषणाई, वाद्ये यांवर किती खर्च होतो तो हिशेब आम्ही कारकून म्हणून अनेकदा लिहिला आहे. यंदा आमच्या मंडळाच्या बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत : जमलेल्या वर्गणीतला एक हिस्सा वेगळा ठेवायचा आणि त्यातून वस्तीतील विद्यार्थ्यांची चर्चासत्राची नोंदणी फी आणि अभ्यास सहलीची वर्गणी भरायची. पैसे मुलाच्या हाती देऊन पावती घ्यायची आणि परत आल्यावर त्याने विहारात रविवारी पंधरा मिनिटे, काय पाहिले ते सर्वांना सांगायचे. आपापल्या वस्तीतही असा ठराव करून पाहा. विरोध होईल. होऊ द्या, पण विषय निघू तरी द्या.

त्या मुलीच्या आईला आम्ही हे सगळे सांगितले. बाई हातातले काम ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरीला धाडते मी. पण एक विचारू का? बघायला आम्हाला बी आत सोडतील का?" चवदार तळ्याची हकिगत या बाई मुलांना तारीखवार सांगतात, २० मार्च १९२७. आम्ही म्हणालो, "ताई, व्याख्यानाच्या पत्रिकेवर लिहिलेले असते, सर्व इतिहासप्रेमींना सस्नेह निमंत्रण. तुमच्याहून मोठा इतिहासप्रेमी आम्ही पाहिलेला नाही."

यंदाच्या पहिल्या व्याख्यानाला आम्ही तिघे जाणार आहोत. या वेळी पुढच्या रांगेत बसू. आणि चहा घेऊनच परत येऊ.

जयभीम!