चित्रपटाला दुसरं परीक्षण हवं

२०२१ च्या एप्रिलमध्ये ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’चा एक टक्का घटला. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर तोवर या चित्रपटाच्या नावापुढे १०० टक्के असा आकडा होता. मग ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये १९४१ साली ‘मे टिने’ या टोपणनावानं छापून आलेलं एक नाराज परीक्षण जुन्या अंकांतून वर आलं, ते मोजणीत धरलं गेलं आणि शंभराचे नव्याण्णव झाले. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या चित्रपटातली एक चौकटही बदलली नव्हती. वेल्सनं पंचविशीत काय करून दाखवलं, छायाचित्रकार ग्रेग टोलंडनं जवळची आणि लांबची माणसं एकाच वेळी स्पष्ट कशी दाखवली, याबद्दल त्या बातम्यांत फारसं काही नव्हतं. चर्चा होती ती एका टक्क्याची.

हा टक्का नेमकं काय सांगतो, हे पुष्कळ प्रेक्षकांना ठाऊक नसतं. किती समीक्षकांचा कौल एकंदरीत अनुकूल आहे, एवढंच त्यात मोजलं जातं. साठ टक्के गाठले की टोमॅटो लाल, खाली राहिलं की हिरवा शिंतोडा. शंभर समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला ‘बरा आहे, बघायला हरकत नाही’ असं म्हटलं तर त्याला १०० टक्के मिळतात. सत्तर जणांनी ‘असं काही आजवर पाहिलं नव्हतं’ म्हणून डोक्यावर घेतलेल्या आणि तीस जणांनी झिडकारलेल्या चित्रपटाला मिळतात ७०. म्हणजे कुणालाच फारसा न खटकणारा चित्रपट वर जातो आणि वाद पेटवणारा खाली राहतो. रात्री जेवणानंतर ओटीटीवर काय लावायचं, याचा निर्णय पुण्यात काय आणि न्यू जर्सीत काय, अनेक मराठी घरांत अशाच आकड्यावर होतो. म्हणून त्याची दखल घ्यायला हवी.

तारे देण्याची रीत याहून जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर या समीक्षिकेनं १९२८ साली ती सुरू केली. तेव्हा जास्तीत जास्त तीन तारे असत. पुढे ती पद्धत जगभर गेली, मराठी वर्तमानपत्रांतही रुळली. वाचकाला घाई असते आणि तारे ती गरज भागवतात, हे मान्यच. पण साडेतीन तारे पाहिल्यावर खालचा मजकूर वाचणारे किती? समीक्षकाची खरी मेहनत त्या मजकुरात असते. चित्रपट का आवडला, कुठे घसरला, कोणत्या प्रसंगात दिग्दर्शकानं हिंमत दाखवली, याची उत्तरं तिथे असतात.

प्रेक्षकांच्या मतांवर चालणाऱ्या यादीचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आयएमडीबीची पहिल्या अडीचशे चित्रपटांची यादी. तिथे २००८ पासून ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ पहिला आहे. त्या वर्षी ‘द डार्क नाइट’ आला आणि त्याचे चाहते व ‘द गॉडफादर’चे चाहते यांच्यात चढाओढ लागली. एकमेकांच्या चित्रपटांना मुद्दाम नीचांकी गुण दिले गेले. या धुमाळीत ‘शॉशँक’ वर सरकला आणि तिथेच राहिला.

फ्रँक डॅराबाँटचा हा चित्रपट १९९४ साली चित्रपटगृहांत पडला होता. अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटानं पहिल्या फेरीत जेमतेम १ कोटी ६० लाख डॉलर मिळवले. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. ते वर्ष ‘फॉरेस्ट गम्प’चं होतं. मग व्हिडिओ कॅसेटवर तो घराघरांत भाड्यानं गेला आणि १९९७ पासून टीएनटी या अमेरिकी वाहिनीनं तो पुनःपुन्हा दाखवला. माणसं मध्येच कुठून तरी बघायला लागत आणि शेवटपर्यंत उठत नसत. ‘शॉशँक’ची कीर्ती अशा वारंवार पाहण्यातून तयार झाली.

मग तो खरोखर पहिल्या क्रमांकाचा आहे का? नाही. चांगला आहे, काही ठिकाणी फार चांगला आहे. पन्नास वर्षं कैदेत काढलेला म्हातारा ब्रुक्स सुटतो आणि बाहेरच्या जगात त्याला जगता येत नाही, तो भाग जेम्स व्हिटमोरनं असा केला आहे की तुरुंग माणसाच्या आत कसा शिरतो ते भाषणाविना कळतं. पण चित्रपटाला स्वतःच्या दृश्यांवर पुरेसा भरवसा नाही. नायक अँडी तुरुंगाच्या ध्वनिक्षेपकावरून मोत्सार्टचं संगीत वाजवतो, सारं आवार जागच्या जागी थबकतं, कॅमेरा कैद्यांच्या वर केलेल्या चेहऱ्यांवरून सरकतो. एवढं पुरे होतं. त्यावर मॉर्गन फ्रीमनचा आवाज येऊन आपल्याला काय वाटायला हवं तेही सांगतो. आवाज सुंदर आहे, पण प्रेक्षकासाठी काही शिल्लक ठेवत नाही. बायबल हातात घेऊन फिरणारा वॉर्डनही पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत तसाच दुष्ट राहतो. ज्याला हा चित्रपट प्राणप्रिय आहे त्यानं याच प्रसंगांवरून उलट बाजू मांडावी. असा वाद रंगू शकतो. आयएमडीबीवरच्या ९.३ या आकड्याशी वाद घालता येत नाही.

समीक्षकांच्या याद्या तरी स्थिर असतात का? ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जाणकारांचा कौल घेतं. पहिल्या कौलात व्हित्तोरियो दे सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ पहिला होता आणि ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता. दहा वर्षांनी तोच अव्वल ठरला आणि पुढची पन्नास वर्षं तिथून हलला नाही. मधल्या काळात काय झालं? आरकेओ या स्टुडिओनं आपला चित्रसंग्रह टेलिव्हिजनसाठी विकला, १९५६ मध्ये ‘केन’ छोट्या पडद्यावर आला आणि चित्रपटगृहांतही पुन्हा लागला. नव्या पिढीनं तो पाहिला. फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चं नशीब तर १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेल्यामुळे उघडलं. अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्या दर नाताळात तो दाखवू लागल्या. १९४६ साली तोट्यात गेलेला चित्रपट त्यातून घरोघरचा सण बनला. पाहायला मिळणं आणि पुन्हा पाहायला मिळणं, यावर क्रमांक किती अवलंबून असतो याचे हे दोन दाखले.

हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. १९५८ मध्ये त्याचं स्वागत थंड झालं. पुढे हक्क हिचकॉककडे असलेले पाच चित्रपट सत्तरच्या दशकात वितरणातूनच काढून घेतले गेले. त्यात हाही होता. तरी १९८२ च्या कौलात तो सातवा आला, मग चौथा, मग दुसरा, आणि २०१२ मध्ये त्यानं ‘केन’ला मागे टाकलं. १९९६ साली त्याची प्रत निगुतीनं दुरुस्त झाली होती, त्याचाही हातभार लागला. पण मूळ कारण चित्रपटातच आहे. ज्या रहस्यासाठी प्रेक्षक खुर्चीला खिळलेला असतो, ते रहस्य हिचकॉक शेवटाच्या कितीतरी आधी नायिका ज्यूडीच्या पत्रातून फोडून टाकतो. हे दृश्य ठेवावं की काढावं, यावर प्रदर्शनापूर्वी खल झाला होता. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते नुकसान वाटू शकतं. दुसऱ्यांदा पाहताना कळतं की तिथून चित्रपट ज्यूडीचा होतो: एक पुरुष आपल्याला दुसऱ्याच बाईच्या साच्यात घालतो आहे हे जाणूनही प्रेमापोटी ते सोसणाऱ्या स्त्रीचा. ज्यूडी साकारणाऱ्या किम नोवाकचा चेहरा तेव्हा वेगळाच दिसायला लागतो. पहिल्या आठवड्यात घाईनं लिहिणाऱ्या समीक्षकाच्या हातून हे सुटलं, तर त्याला फार दोष देता येणार नाही. तोच कौल आयुष्यभर चिकटून राहिला असता, तर मात्र अन्याय झाला असता.

असाच अन्याय जॉन फोर्डच्या १९५६ सालच्या ‘द सर्चर्स’वर जवळजवळ झाला. त्याला ऑस्करचं एकही नामांकन नव्हतं. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं १९९८ मध्ये शंभर अमेरिकी चित्रपटांची यादी केली तेव्हा तो ९६ वा होता आणि २००७ च्या यादीत एकदम १२ वा. नऊ वर्षांत चौऱ्याऐंशी पायऱ्या! दरम्यान स्कॉर्सेसी, स्पीलबर्ग, पॉल श्रेडर ही मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली होती की हा नुसता घोडे-बंदुकांचा चित्रपट नाही. जॉन वेननं साकारलेला ईथन त्यात नायकही आहे आणि मूलनिवासींच्या द्वेषानं पोखरलेला माणूसही. फोर्ड त्याला माफ करत नाही, टाकूनही देत नाही. शेवटी सगळे घरात जातात, तो उंबऱ्याबाहेर राहतो आणि दार मिटतं. लोकप्रिय ताऱ्याला घेऊन, लोकप्रिय साच्यात राहून इतकं अवघड काही सांगणं हे हॉलिवुडचं खरं सामर्थ्य आहे, आणि ते उलगडून दाखवणं हे समीक्षेचं काम.

हे काम एका परीक्षणानंही होऊ शकतं. १९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वजनदार समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी त्याला धुऊन काढलं. पॉलिन केल यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये प्रदीर्घ लेख लिहून त्याची बाजू घेतली. ‘न्यूजवीक’च्या जो मॉर्गनस्टर्न यांनी तर आधी टीका केली, मग चित्रपट पुन्हा पाहिला आणि पुढच्याच अंकात आपलं मत चुकलं असं छापलं. चित्रपट समीक्षेच्या इतिहासातली ही सर्वांत प्रामाणिक कृती म्हणावी लागेल. चित्रपट समीक्षेसाठी पुलित्झर मिळवणारे पहिले समीक्षक रॉजर एबर्ट यांनीही हा वसा वेगळ्या रीतीनं चालवला. त्यांचे अंगठे आणि तारे जगप्रसिद्ध झाले, पण १९९६ पासून ते जुने चित्रपट नव्यानं पाहून लिहीत राहिले. ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागाला आणि ‘ब्लेड रनर’ला त्यांनी सुरुवातीला तीनच तारे दिले होते. पुढे दोन्ही त्यांच्या थोर चित्रपटांच्या मालिकेत आले.

आकड्यांमध्ये पहिला आठवडा इतका का महत्त्वाचा असतो, याचं उत्तर जाहिरातीत आहे. स्टुडिओंना पोस्टरवर छापायला कौतुक लागतं. २००१ मध्ये उघड झालं की सोनीच्या जाहिरातींत ज्याचे शब्द छापले जात होते तो डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षक अस्तित्वातच नव्हता. गल्ल्याची यादी तर आणखी बेभरवशाची. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’नं २०१९ मध्ये ‘अवतार’ला मागे टाकलं आणि २०२१ मध्ये चीनमध्ये पुन्हा प्रदर्शित होऊन ‘अवतार’ परत पुढे गेला.

याद्या बंद कराव्यात असं कुणी म्हणणार नाही. एखादी मुलगी यादी हातात घेऊन एकेक चित्रपट पाहत जाते आणि ‘कॅसाब्लांका’पर्यंत पोचते, हा यादीचा मोठा उपकार आहे. २०२२ च्या ‘साइट अँड साउंड’ कौलात ‘पाथेर पांचाली’ ३५ वा आहे हे वाचून कुणी सत्यजित राय यांच्याकडे वळलं, तर उत्तमच. प्रश्न यादीवर थांबण्याचा आहे.

मराठी वर्तमानपत्रांनी यात एक गोष्ट सहज करावी. शुक्रवारच्या नव्या चित्रपटांना जागा मिळतेच. महिन्यातून एकदा एका जुन्या, गाजलेल्या हॉलिवुडपटाचं दुसरं परीक्षण छापावं, ताऱ्यांशिवाय, आणि शक्य तर दोन विरुद्ध मतांच्या लेखकांकडून. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांच्या रसास्वाद अभ्यासक्रमातून शिकून गेलेली कितीतरी मराठी माणसं गावोगावी आहेत. त्यांना लिहितं करावं. वाचकांनी आपला आवडता चित्रपट पुन्हा पाहावा आणि तो का आवडतो ते दहा ओळींत लिहून संपादकांकडे पाठवावं. सुरुवात ‘द सर्चर्स’पासून करायला हरकत नाही.