सुईवरचा भरवसा

कोलाड नाक्यावर एसटीत चढताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, "हिला गाडी लागते हो, खिडकी द्या!" आमच्या हिलाही लागायची. त्यात चार वर्षांपूर्वी केमोथेरपीसाठी मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. परतताना वडखळ येईपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. गोळ्या होत्याच. शिवाय तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोन दोऱ्यांसारख्या शिरांच्या मधोमध सुया टोचल्या. उलट्या थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. ती घरी येऊन पेजेची वाटी संपवू लागली. त्या घरात असलेल्यालाच त्या वाटीची किंमत कळेल.

सुई म्हटली की आपल्याला इंजेक्शन आठवतं. ही सुई पोकळ नसते. तिच्यातून औषध जात नाही आणि ती केसापेक्षा थोडी जाड, एवढीच. बोटाने दाबतात ते ॲक्युप्रेशर, ते निराळं. मळमळीवर सुईचा उपयोग होतो, हे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने १९९७ सालीच मान्य केलं होतं. आपल्याकडे मात्र सुई म्हणजे गुडघे आणि कंबर, एवढंच ठाऊक.

उलट जे ठाऊक असतं, ते बरेचदा ऐकीव. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले, १९४२ साली तिथेच वारले. ही विद्या त्यांनी भारतात आणली, असं मला अनेकांनी छातीठोकपणे सांगितलं आहे. ते परतलेच नाहीत, तर आणणार कशी? आणली ती त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, पुढे पुन्हा चीनला जाऊन, शिकून. दुसरी कथा अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांची. १९७१ साली पेकिंगमध्ये त्यांचं अपेंडिक्स म्हणे सुयांच्या भुलीवर काढलं. त्यांनी स्वतः लिहिलं आहे की भूल नेहमीच्या औषधाची होती. सुया नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा.

बँकेत असताना कर्जाच्या एकाच अर्जावर विहीर, लग्न, दुकान, घर अशी सगळी कारणं लिहून आणणारा आला, की मी तो अर्ज बाजूला ठेवत असे. मधुमेह, दमा, मूल न होणं, उंची वाढणं हे सगळं एकाच पत्रकावर छापणाऱ्यांबद्दल माझं तेच धोरण आहे. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी शंभरातल्या सत्तेचाळीस जणांना बरं वाटलं, मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी चव्वेचाळीस जणांना, आणि नेहमीच्या उपचारांनी सत्तावीस जणांना. म्हणजे सुईने आराम पडतो, पण नेमक्या बिंदूंचा जो बडेजाव सांगतात, त्याचं गणित जुळत नाही. आराम पडला तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आरामालाच निदान समजण्याबद्दल.

आणि इथे मला स्वतःचंच खातं उघडावं लागतं. आमच्या शेजारच्या वहिनींची पाठ दुखत होती. हिचं उदाहरण सांगून मीच त्यांना एका सुईवाल्याकडे पाठवलं. सुरुवातीला उतार पडला, म्हणून त्या जात राहिल्या. दोन महिने. मग संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरलेलं. फोटो काढला तर मणक्याचा क्षय निघाला. गोळ्यांनी बऱ्या झाल्या, पण आजही काठीशिवाय त्यांना अंगण ओलांडता येत नाही. त्या सुईवाल्याने फोटो काढायला सांगितलं नाही, हे खरं. मीही सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्राने २०१५ साली या उपचाराचा कायदा केला. त्यामुळे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावं. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ती आधी सांगावी. छातीवर खोल टोचलं तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून हात शिकलेला हवा.

अजूनही कोणी कंबर धरून ओटीवर येतं नि सुईवाल्याचा पत्ता मागतं. मी आधी विचारतो, "फोटो काढला का?" माणसं वैतागतात. वहिनी पलीकडच्या पडवीतून ऐकत असतात. त्या काही बोलत नाहीत.