थर्मोस्टॅट जोडताय? आधी तारा ओळखा

मे-जूनमध्ये दिल्ली, नोएडा आणि गुरुग्रामचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा एसी ही चैन राहत नाही. १९ जून २०२४ रोजी एकट्या दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर पोहोचली होती. अशा दिवसांत डक्टचा एसी असलेल्या मोठ्या घरांत एक गंमत दिसते. थर्मोस्टॅट असतो हॉलमध्ये, हॉल गारेगार होतो आणि एसी थांबतो. पश्चिमेकडची आजी-आजोबांची खोली मात्र भट्टीसारखी तापलेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

यावर उपाय म्हणजे घराचे झोन पाडणं आणि प्रत्येक झोनला वेळापत्रक ठरवता येणारा थर्मोस्टॅट देणं. डक्टमध्ये मोटरवर चालणाऱ्या झडपा बसवतात, त्यांना डँपर म्हणतात. ज्या खोलीला गारवा हवा तिचा डँपर उघडतो, बाकीचे बंद राहतात. ही सोय सुरक्षित आणि टिकाऊ हवी असेल, तर जोडणीआधी पुढच्या गोष्टी समजून घ्या.

तुमची यंत्रणा कोणती?

थर्मोस्टॅट विकत घेण्याआधीच हे तपासा. घरांत साधारणपणे तीन प्रकार आढळतात.

– डक्टचं युनिट आणि झोन पॅनल : यात थर्मोस्टॅटकडे बहुधा २४ व्होल्टचा कमी दाबाचा प्रवाह येतो.

– टॉवरच्या सामाईक चिलरवर चालणारं फॅन कॉइल युनिट : याच्या थर्मोस्टॅटला बहुतेक वेळा थेट घरातली २३० व्होल्टची वीज असते. त्यात फेज, न्यूट्रल, पंख्याचे तीन वेग आणि पाण्याचा व्हॉल्व्ह यांच्या तारा येतात.

– व्हीआरएफ यंत्रणा : इथे युनिट एकमेकांशी कंपनीच्या स्वतःच्या सांकेतिक भाषेत बोलतात. तिला बाहेरचा साधा थर्मोस्टॅट थेट जोडू नका. त्याच कंपनीचा कंट्रोलर किंवा तिने मान्य केलेला अॅडॅप्टरच वापरा.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेला स्मार्ट थर्मोस्टॅट बहुधा २४ व्होल्टचा असतो. तो २३० व्होल्टच्या तारांना जोडला तर जळतो आणि आग किंवा शॉकचा धोका असतो तो वेगळाच.

रंगावर नको, अक्षरावर विश्वास ठेवा

२४ व्होल्टच्या यंत्रणेत प्रत्येक टर्मिनलवर अक्षर असतं. आर म्हणजे येणारा प्रवाह, सी म्हणजे परतीची सामाईक तार, वाय म्हणजे कॉम्प्रेसर आणि जी म्हणजे पंखा. हीटिंग असेल तर डब्ल्यू किंवा ओ-बी ही टर्मिनलंही असतात. पिवळी तार वायला आणि हिरवी जीला असा संकेत आहे खरा, पण आधीच्या मिस्त्रीने तो पाळलाच असेल असं नाही. म्हणून तार पॅनलवर कुठल्या अक्षराला जोडली आहे, ते पाहूनच ओळखा.

वायफायवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटला सतत वीज लागते, त्यामुळे सी तार हवीच. भिंतीतून दोन-तीनच तारा आल्या असतील, तर आधी नवी केबल ओढून घ्या.

जोडणीचा क्रम

– आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही युनिटचे एमसीबी बंद करा. मग मीटरने वीज खरंच बंद आहे का, ते तपासा.

– जुन्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक तारेला अक्षराची चिठ्ठी लावूनच ती सोडवा.

– झोनच्या थर्मोस्टॅटची तार एसी युनिटला नाही, झोन पॅनलला जोडायची असते. सगळ्या झोनची मागणी ऐकून युनिटला हुकूम देण्याचं काम पॅनलचं. दोन थर्मोस्टॅट थेट युनिटला जोडले, तर डँपर आणि कॉम्प्रेसर यांचा मेळ बसत नाही.

– आर आणि सी एकमेकांना चिकटू देऊ नका. फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर उडतो.

– वीज सुरू करून एकेक झोन तपासा. आधी डँपर उघडायला हवा, मग थंड हवा. कॉम्प्रेसरच्या सुरक्षेसाठी साधारण पाच मिनिटांचा विलंब असू शकतो, घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.

एकच लहान झोन सुरू असताना हवेचा मार्ग फार अरुंद होतो आणि कॉइलवर बर्फ जमू शकतो. त्यासाठी बायपासची किंवा किमान किती झोन उघडे राहतील याची सोय केली आहे ना, हे तंत्रज्ञाला जरूर विचारा.

जागा आणि वेळापत्रक

थर्मोस्टॅट जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर लावा. ऊन, स्वयंपाकघर, टीव्ही आणि एसीचा थेट झोत यांपासून तो लांब हवा. नाहीतर तो खोलीचं नाही, त्या वस्तूचं तापमान मोजत बसेल.

१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या रूम एसींचं सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या मते तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणून २४ ते २६ अंशांपासून सुरुवात करा. ऑफिसच्या वेळेत रिकाम्या खोल्यांचं तापमान वाढवा. मात्र घरी ज्येष्ठ किंवा तान्हं बाळ असेल, तर त्यांच्या झोनला दुपारी बंद होण्याचं वेळापत्रक लावू नका. बिलापेक्षा त्यांची तब्येत महत्त्वाची. आजीला हाताने तापमान कमी-जास्त कसं करायचं, तेही दाखवून ठेवा.

जुलै-ऑगस्टच्या उमसेत पंखा 'ऑन'ऐवजी 'ऑटो'वर ठेवा. कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला, तर कॉइलवरचा ओलावा पुन्हा खोलीत येतो. धुळीच्या वादळानंतर फिल्टर धुवायलाही विसरू नका.

मिस्त्री कधी बोलवाल?

वेळापत्रक लावणं आणि फिल्टर धुणं ही कामं तुम्ही घरच्या घरी करू शकता. पण तारांवर २३० व्होल्ट असतील, अक्षरं पुसली गेली असतील किंवा पॅनलच नवीन बसवायचं असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणि एसी तंत्रज्ञ यांनाच बोलवा. काम झाल्यावर जोडणीचा आराखडा त्यांच्याकडून लिहून घ्या आणि पॅनलच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्या मिस्त्रीला अंदाजाने तारा जोडाव्या लागणार नाहीत.