इंद्रायणीतील दोन विसर्जने

आमच्या दिघीच्या एका अंगास आळंदी आहे व दुसऱ्या अंगास भोसरीचे कारखाने. मधून जाणाऱ्या रस्त्याने ज्येष्ठ वद्यात एक दिवस ज्ञानोबारायांची पालखी पुण्याकडे जाते आणि वर्षाचे उरलेले दिवस मालमोटारी धावतात. सेवानिवृत्तीनंतर आमची सायंकाळ बहुधा घरापुढील कट्ट्यावर, त्या मालमोटारींचा आवाज ऐकत जाते.

गेल्या महिन्यात अशाच एका सायंकाळी शेजारच्या गल्लीतील एक तरुण हातात घडी केलेला कागद घेऊन आला. चार वर्षांपूर्वी कारखान्यात लागलेला, घरी म्हातारी आई व शाळेत जाणारी बहीण.

"गुरुजी, एवढं वाचून सांगाल का?"

कागद इंग्रजीत होता. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. पण असल्या कागदांची भाषा ठरीव असते, त्यामुळे अर्थ लागावयास अडचण पडली नाही. पर्यवेक्षकाची आज्ञा मोडून इतर कामगारांसमक्ष त्याच्याशी उद्धट वर्तन केले, तरी शिस्तभंगाची कारवाई का करू नये याचा लेखी खुलासा अठ्ठेचाळीस तासांत करावा, असा मजकूर होता. आम्ही घडलेली हकीकत विचारली. पत्रा दाबून त्यास आकार देणाऱ्या यंत्रापुढे बोटे सापडू नयेत म्हणून जाळी असते, ती निखळली होती. माल त्याच दिवशी पाठवावयाचा असल्याने पर्यवेक्षकाने तसेच काम चालविण्यास सांगितले.

"मी एवढंच म्हणालो की जाळी बसवा, मग हात घालतो. दहा जण ऐकत होते. तेच साहेबांना लागलं."

उद्या ये, असे सांगून आम्ही त्यास परत पाठविले. परंतु त्याचे 'दहा जण ऐकत होते' हे शब्द रात्री उशिरापर्यंत मनात घोळत राहिले. हेच बोलणे त्याने एकांतात केले असते, तर कदाचित जाळीही बसली असती आणि कागदही निघाला नसता. तेव्हा तंटा जाळीचा नव्हताच म्हणावयाचा. कोणी, कोणासमोर व कोणत्या शब्दांत बोलावे, याचा तो तंटा होता.

पाठशाळेत असताना आम्ही भारवीच्या 'किरातार्जुनीया'चे पहिले दोन सर्ग मुखोद्गत केले व पुढे चार विद्यार्थ्यांस घरी शिकविलेही. मुलांना भीमाचे भाषण आवडे, काहींना द्रौपदीचे. शत्रूने राज्य बळकाविले, पती स्वस्थ बसला आहे, आणि ती मानी स्त्री त्यास त्याच्याच पूर्ववैभवाची आठवण देऊन टोचते. युधिष्ठिर शांतपणे कालाची वाट पाहण्याचा उपदेश करतो. बळ, क्रोध आणि क्षमा यांचा असा वाद आमच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. पण या सर्वांच्या आधी जो बोलतो, त्या वनेचराकडे आमचे विद्यार्थी लक्ष देत नसत, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही देत नव्हतो. तो एक रानातला माणूस. युधिष्ठिराने त्यास ब्रह्मचाऱ्याच्या वेषात हेरगिरीस पाठविलेले असते. परत येऊन त्याला सांगावयाचे असते ते असे की, महाराज, तुमचा शत्रू राज्य उत्तम चालवितो आहे, प्रजा सुखी आहे, सेवक संतुष्ट आहेत. धन्यास याहून कडू वार्ता कोणती? म्हणून तो आरंभीच अनुज्ञा मागतो: सेवकाने धन्याची फसवणूक करू नये, तेव्हा बोलणे गोड लागो वा न लागो, ते सोसावे. आणि भारवीने पुढे जे घडविले आहे ते फार मार्मिक आहे. वनेचर सत्कार घेऊन निघून जातो. मग युधिष्ठिर द्रौपदीच्या निवासात जाऊन भावांसमक्ष ते सर्व वृत्त जसेच्या तसे सांगतो. अप्रिय बोलणाऱ्यास पारितोषिक, आणि त्याचे बोलणे सर्वांसमक्ष पुन्हा उच्चारण्याचे काम खुद्द धन्याने केलेले! सिंहासन गमावून वनात बसलेल्या या राजाची सत्ता तेवढ्या एका कृतीत दिसून येते. आमच्या शेजाऱ्याच्या पर्यवेक्षकाच्या हाती अवघे एक यंत्र व बारा माणसे आहेत; त्यास हे जमले नाही. पण त्यास नावे ठेवण्यापूर्वी आमचे स्वतःचे एक प्रकरण वाचकांपुढे मांडणे आम्हांस भाग आहे.

गोष्ट १९९५ सालची. आम्ही ज्या शाळेत होतो, तेथील एका शिपायाने मुख्याध्यापकांच्या घरचे दळण आणून देण्यास नकार दिला. नकार शिक्षकांच्या खोलीत, पाचसात जणांसमोर दिला गेला. दुसऱ्या दिवशी आम्हांस बोलावणे आले. "आपली भाषा चांगली आहे, तेव्हा मेमोचा मसुदा आपण करा." भाषेची स्तुती केली की आमच्यासारखा मनुष्य आंधळा होतो. आम्ही 'कर्तव्यपराङ्मुखता', 'वरिष्ठांचा आज्ञाभंग', 'संस्थेच्या शिस्तीस बाधक वर्तन' असे शब्द योजून अर्ध्या तासात असा मसुदा केला की मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला. त्यात दळणाचा उल्लेख कोठेही नव्हता. तो येऊ न देण्यातच आमचे कौशल्य होते.

मधल्या सुट्टीत तो शिपाई आमच्याकडेच आला. चौथीपर्यंत शिकलेला. मेमो पुढे करून म्हणाला, "सर, यातलं मला निम्मं कळत नाही. तुम्हीच उत्तर लिहून द्या ना." मेमो कोणी लिहिला हे त्यास ठाऊक होते की नव्हते, हे आम्ही आजतागायत ठरवू शकलो नाही. आम्ही म्हणालो, "या प्रकरणात मी पडणे योग्य नव्हे." त्या वेळी हे आम्हांस मोठे तटस्थपणाचे वाटले. त्याची एक वेतनवाढ रोखण्यात आली. पुढेही अनेक वर्षे तो आमच्या टेबलावर पाण्याचा तांब्या पूर्वीच्याच अदबीने ठेवीत असे.

त्याच वर्षी परभणीच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षस्थान नारायण सुर्वे यांनी भूषविले. त्यानिमित्त आम्ही वर्गात त्यांच्यावर पाऊण तास बोललो. जन्मतःच टाकलेले मूल, गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने वाढविले. गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शाळेतच शिक्षक झाले. १९६६ साली त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह निघाला. कामगार हा कवितेचा विषय पूर्वीही झाला होता, परंतु येथे कामगारच बोलू लागला, असे काहीसे आम्ही मुलांस सांगितल्याचे स्मरते. वर्गाबाहेर तो शिपाई स्टुलावर बसलेला होता. सुर्वे शिपाई होते, हे वाक्य आमच्या तोंडून निघाले तेव्हा दाराकडे आमची दृष्टी गेली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. काव्यातील सत्ता व कामावरील सत्ता या दोन भिन्न वस्तू आहेत, असे आपण सुशिक्षित लोक समजतो. एक रसास्वादाचा विषय व दुसरा लेबर ऑफिसरचा. आमच्या इंद्रायणीच्या काठी मात्र हा भेद टिकत नाही. देहूच्या तुकोबांची कथा कोणास ठाऊक नाही? पण तीत कागद दोनदा नदीत जातात, याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले.

पहिल्याने गेली ती कर्जखते. घरी वाण्याचा व्यवसाय, सावकारी. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाले. परंपरा सांगते की, पुढे तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबा यांस त्यांच्या वाट्याची खते देऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुसऱ्या वेळी गेल्या त्या अभंगांच्या वह्या. वाघोलीचे रामेश्वर भट यांनी आक्षेप घेतला की, शूद्राच्या मुखातून श्रुतीचा अर्थ निघतो, हा अनाचार आहे. वह्या बुडविण्याची आज्ञा झाली, तुकोबांनी ती पाळली आणि नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले. वह्या वर आल्या असे भाविक म्हणतात. लोकांना अभंग पाठ होते, तेव्हा बुडणार काय, असे इतर म्हणतात. आम्हांस दोन्ही म्हणणी एकच वाटतात. ज्यांनी अभंग टिपून ठेवले त्यांत तेली समाजातले संताजी जगनाडे होते. चाकणच्या कारखान्यांपासून जवळच सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे.

दोन्ही वेळी नदी एकच, माणूसही एकच. पहिल्या वेळी ज्याच्या हाती दुसऱ्यास दाबण्याचे साधन होते त्याने ते आपण होऊन सोडले. दुसऱ्या वेळी ज्याच्या हाती केवळ शब्द होते त्याच्याकडून ते सोडविण्यात आले. शेतात बी पेरावे की नाही हे ऋणको त्या खतांमुळेच धनकोस विचारी; त्या खतांविषयी धर्मपीठाने कधी चौकशी केल्याचे कोणी सांगत नाही. चौकशी झाली ती वह्यांची. हे आम्ही ब्राह्मण वाचकांच्या मासिकात लिहीत आहो, म्हणून स्पष्ट लिहितो. रामेश्वर भट दुष्ट नव्हते. ते विद्वान होते, नियम जाणणारे होते, आणि आपण संस्थेच्या शिस्तीचे रक्षण करीत आहो अशी त्यांची प्रामाणिक समजूत असावी. आम्हांसही मेमो लिहिताना तसेच वाटले होते.

भटांची पुढची हकीकत आमच्या गावाच्या वेशीपर्यंत येते. अंगाचा दाह होऊ लागल्याने ते आळंदीस अनुष्ठानास राहिले, तेथे त्यांना तुकोबांस शरण जाण्याचा दृष्टांत झाला आणि तुकोबांनी पाठविलेल्या अभंगाने तो दाह शमला, अशी कथा आहे. पुढे ते तुकोबांचे अनुयायी झाले. वारकरी आजही जी तुकोबांची आरती म्हणतात, तिच्या अखेरीस रामेश्वर भटांचे नाव येते. एकेकाळी ज्याने वह्या बुडवावयास लावल्या त्याचेच शब्द आज त्या वह्यांच्या पूजेस लागतात. या देहूआळंदीच्या मातीतला हा सत्तेचा सर्वांत विलक्षण पालट आम्ही समजतो. आणखी एक पालट परक्या सरकारच्या हातून झाला. मुंबई सरकारने २४,००० रुपये मंजूर केले व १८६९ साली शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेल्या गाथेचा पहिला भाग इंदुप्रकाश छापखान्यातून निघाला. शास्त्री-पंडितांनी पाठभेद तपासून तोच ग्रंथ छापावा, हे रामेश्वर भटांनी पाहिले असते तर!

कारखान्यांच्या बाबतीतही कागद व भाषा यांचे माहात्म्य कायद्याने ओळखले होते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात अशी अट होती की, कामाचे नियम कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावावे, आणि ते इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांस कळेल अशा भाषेत असावे. नियम कळत्या भाषेत लिहिण्याची सक्ती होती. आरोप मात्र कोणत्या भाषेत यावा हे आमच्या शेजाऱ्याच्या हातातील कागद सांगत होता. या पट्ट्यात मोठे लढे झाले. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणास बसले होते. २०१३ साली चाकणला बजाजच्या कामगारांनी ५० दिवस काम बंद ठेवले. त्यांच्या मागण्यांत प्रत्येकास कंपनीचे ५०० समभाग १ रुपया दराने मिळावे, अशीही एक होती. ती मान्य न होताच संप मागे घेतला गेला. व्यवहाराच्या दृष्टीने त्या मागणीचा निर्णय जाणत्यांनी करावा. आम्हांस तीत पगाराहून निराळेच काही दिसते: धन्याच्या घरातील बोलण्यात बसावयास एखादी सतरंजी मिळावी, ही इच्छा.

असो. दुसऱ्या दिवशी तो तरुण आला. आम्ही रात्रीच खुलासा लिहून ठेवला होता, आणि तो चांगला उतरला होता असे आम्हांस वाटत होते. 'आपल्या मनास क्लेश झाले असल्यास क्षमस्व' असे आरंभी, 'आपल्या कृपादृष्टीचा अभिलाषी' असे शेवटी, आणि मध्ये जाळीचा विषय हळुवारपणे. त्याने तो सावकाश वाचला, मग खाली ठेवला.

"गुरुजी, छान आहे. पण हे माझं बोलणं वाटत नाही. आणि मी चुकलो असं यात कुठंतरी येतंय."

आम्ही समजावू लागलो. नोकरीचा प्रश्न आहे, नम्रता खर्ची पडत नाही, वनेचरानेही आधी अनुज्ञा मागितली होती. तो ऐकत राहिला. नंतर म्हणाला, "त्याला राजानं विचारलं होतं, गुरुजी. मला कुणी विचारलं नव्हतं, बोटं माझी होती."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. कागद त्याच्यापुढे सरकविला व आपण बोल, आम्ही शुद्धलेखन पाहतो, असे म्हणालो. त्याने सहा वाक्ये सांगितली. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या यंत्राची जाळी निखळली होती. पर्यवेक्षकास काय सांगितले. त्यांनी काय उत्तर दिले. जाळी अखेर कोणत्या वेळी बसविली गेली. त्यानंतर त्या पाळीत किती नग काढले. सहावे वाक्य असे होते की, हे बोलताना जे दहा जण हजर होते त्यांस चौकशीत विचारावे. आम्ही फक्त दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले. खुलासा मराठीतच देण्याचे त्याने ठरविले.

पहिली पाळी सहाला सुरू होते म्हणून तो लवकर उठला. कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवताना त्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही लिहिलेला तो कागद ठेवू का फाडू?" आम्ही तो त्याच्या हातून परत घेतला. अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.