समुद्राला मानवेल असा अंगरखा

विहिरीत तासभर डुंबलेली मुले भर वैशाखातही काठावर दात वाजवीत बसतात, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. त्यासाठी पाणी बर्फासारखे असावे लागत नाही. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. माणसाचे अंग ३७ अंश सेल्सिअसचे. समुद्र त्याहून थंडच. म्हणजे पाण्यात जितका वेळ काढावा, तितकी अंगातली ऊब समुद्राला द्यावी लागते. हा निसर्गाचा कर आहे. तो चुकविण्यासाठी माणसाने जो अंगरखा शिवला, तो वेटसूट. मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा करून आलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या छायाचित्रांत हा काळा, अंगाला चिकटणारा पोशाख आता दिसू लागला आहे. तो कशाचा बनतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न म्हणूनच आपल्याही घरातला आहे.

१९५१-५२ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील ह्यू ब्रॅडनर हे पदार्थवैज्ञानिक नौदलाच्या पाणबुड्यांना थंडीपासून कसे वाचवावे, याचा विचार करीत होते. ऊब टिकवायची तर अंग कोरडे राहिले पाहिजे, असे तोवर सारे धरून चालले होते. ब्रॅडनर यांनी ही समजूतच मोडली. अंग भिजले तरी चालेल, मात्र अंगावरच्या थरात वायूचे बुडबुडे कोंडलेले हवेत, हे त्यांनी ओळखले. दुलई आपल्याला ऊब देते ती कापसात अडकलेल्या हवेमुळे. वेटसूटचे तत्त्व तेच. त्याची मर्यादाही त्यातच आहे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात आणि दुलई विरत जाते.

हे बुडबुडे ज्या रबरात कोंडलेले असतात, ते निओप्रीन. १९३० साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत ते प्रथम तयार झाले. त्याचा कच्चा माल क्लोरोप्रीन हा वायुरूपाने सहज उडणारा पदार्थ. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठी लाप्लास गावाजवळ याचा मोठा कारखाना होता. आसपास वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची आणि जवळच प्राथमिक शाळा. २०१० साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने क्लोरोप्रीनपासून माणसाला कर्करोग होण्याचा संभव असल्याचे जाहीर केले. २०१५ मध्ये ड्यूपाँने हा कारखाना डेंका या जपानी कंपनीला विकला. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला, मार्च २०२५ मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने तेथील उत्पादन बेमुदत थांबवत असल्याचे सांगितले. निओप्रीन पट्टे, नळ्या, गोंद अशा अनेक वस्तूंत जाते. वेटसूटचा त्यातला वाटा लहान. पण समुद्राच्या प्रेमापोटी घातलेल्या पोशाखाचा धागा शाळेच्या अंगणातल्या हवेशी जोडलेला असावा, ही गोष्ट बोचल्याशिवाय राहत नाही.

यावर बाजाराने काढलेला एक तोडगा म्हणजे 'चुनखडीचे निओप्रीन'. यात खनिज तेल नाही, म्हणून ते पर्यावरणस्नेही, असे विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात चुनखडी आणि कोळसा विजेच्या भट्टीत प्रचंड तापवून कॅल्शियम कार्बाइड करतात. आंबे पिकवायला ज्याच्या वापरावर बंदी आहे, तेच हे कार्बाइड. त्यापासून ॲसिटिलीन आणि त्यापासून पुन्हा क्लोरोप्रीनच. वाट बदलली, मुक्काम तोच! याला समुद्रस्नेही म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

दुसरा तोडगा अधिक प्रामाणिक आहे. तो म्हणजे झाडाच्या चिकापासून मिळणारे नैसर्गिक रबर. पॅटागोनिया या अमेरिकी कंपनीने युलेक्स कंपनीच्या साह्याने २०१६ मध्ये निओप्रीन टाळून नैसर्गिक रबराचे वेटसूट बाजारात आणले आणि रबराचे मळे जंगल राखून वाढविलेले आहेत, याचे प्रमाणपत्रही घेतले. हे प्रमाणपत्र महत्त्वाचे आहे, कारण आग्नेय आशियात रबरासाठी जंगलेच्या जंगले तुटली. त्यासाठी इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्या सिंधुदुर्गातच दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर रबराच्या बागा उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापायी जंगल गेल्याची तक्रार तिथली माणसे करतात. झाडाचे आहे म्हणजे निर्दोष आहे, असे मानण्याचे कारण नाही.

तरीही, केवळ माल बदलून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील 'हेन्यो' स्त्रियांची कहाणी याबाबत बोलकी आहे. पाठीवर टाकी न घेता, नुसता श्वास रोखून त्या समुद्रतळाचे शिंपले आणि शेवाळ काढतात. १९७० च्या दशकापर्यंत त्या साध्या सुती कपड्यांत बुडत. थंडी असह्य झाली की बाहेर येत, दगडी आडोशात शेकोटीभोवती बसत आणि मग पुन्हा पाण्यात. सुक की होंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांच्या शरीराचा अभ्यास केला, तेव्हा हिवाळ्यात त्यांची देहातली उष्णता निर्माण करण्याची शक्ती वाढत असल्याचे आढळले. पुढे वेटसूट आले, कामाचे तास वाढले आणि काही वर्षांतच शरीराची ती कमावलेली शक्ती ओसरली.

कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. बायकांनी कुडकुडत राहावे, असे कोण म्हणेल? पण थंडी ही समुद्राची वेस होती. ती पुसली गेल्यावर माणसाला स्वतःच वेस आखावी लागली. जेजूच्या स्त्रियांनी वेटसूट घेतला, पण हवेची टाकी घेतली नाही आणि शिंपले काढण्याचा बंदीकाळही पाळला. जपानच्या काही किनारी गावांनी पाणबुड्या स्त्रियांच्या वेटसूटवरच निर्बंध घातले, कारण अधिक वेळ पाण्यात म्हणजे अधिक उपसा, हे त्यांना कळत होते.

आपल्या किनाऱ्याला हा धडा नवा नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात लोटायच्या, ही रीत कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. पर्यटनाने मात्र अशी रीत अजून घडविलेली नाही. मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे प्रवाळावर पाय देऊ नये, छायाचित्रासाठी माशांना पाव चारू नये, एका जागी दिवसाकाठी किती जणांनी उतरावे याला मर्यादा असावी, एवढे तरी नियम कसोशीने पाळले गेले पाहिजेत.

पोशाखाचेही तसेच. अरबी समुद्र उबदार आहे. वीस मिनिटे बुडणाऱ्या पर्यटकाला जाड सूट कशाला हवा? त्याला पूर्ण बाह्यांचा लायक्राचा सदरा पुरतो. त्याने उन्हापासून रक्षण होते, शिवाय अंगाला मलमेही कमी फासावी लागतात. त्यांतील दोन रसायने प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाई राज्याने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. खरी गरज आहे ती दिवसभर पर्यटकांना पाण्यात नेणाऱ्या-आणणाऱ्या स्थानिक मुलाला. त्याच्यासाठी वेटसूट म्हणजे हौस नव्हे, नांगराइतके कामाचे अवजार आहे. तारकर्लीचे सरकारी प्रशिक्षण केंद्र आणि तिथले व्यावसायिक यांनी एकत्र येऊन त्याच्यासाठी चांगल्या, प्रमाणित रबराचे सूट घ्यावेत. ते गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत आणि फाटले तर ठिगळ लावून वर्षानुवर्षे वापरावेत. कारण हे रबर एकदा टाकले की पुन्हा वितळवून नवे करता येत नाही. आपल्या आज्यांनी गोधडीला जो न्याय दिला, तोच इथे लावायचा.

समुद्रस्नेही अंगरखा दुकानात मिळेलही. पण तो अंगावर चढवून पाण्यात किती वेळ राहायचे आणि तिथून काय न घेता परतायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.