आईची मजुरी कोणत्या खात्यावर?

कॉमर्सच्या विद्यार्थ्याची सुट्टीतही हिशेबातून सुटका नसते. २०२५ च्या ऑक्टोबरात मी बेळगावहून हरमलला घरी गेलो तो नेमका भातकापणीच्या दिवसांत. बाबा म्हणाले, "एवढा बी. कॉम. शिकतोस, तर यंदा शेताचा हिशेब तूच लिही. पुढच्या वर्षी शेत करायचे की पडीक टाकायचे, ते एकदा ठरवून टाकू." त्या हिशेबाने मला जे शिकवले ते वर्गात इतके स्पष्ट कळले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे शेत म्हणजे तीन कोपरे, मिळून सुमारे २,००० चौरस मीटर. आजोबा भाटकाराची जमीन कुळाने कसत. १९७६ साली गोव्याच्या कूळकायद्यात दुरुस्ती झाली, कसणारे कूळ मालक ठरले आणि हे कोपरे आमचे झाले. हरमल म्हटले की आज लोकांना समुद्रकिनारा आणि पर्यटक आठवतात. पण किनाऱ्यापासून थोडे आत आले की अजून भात पिकते.

कापणीचा तो दुसरा दिवस होता. पहाटे पाचला आईची पेज शिजून तयार होती. परतीच्या पावसाचे ढग समुद्रावर दिसत होते, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. बाबांनी त्या दिवशी टॅक्सी काढली नाही. आई, काकी, बाबा, मी आणि मजुरीने आलेल्या दोन बायका असे सहाजण विळे घेऊन उतरलो. कापणीचे मोठे यंत्र आमच्या कोपऱ्यांत येऊच शकत नाही. वाट अरुंद आणि मधे मेरा. सकाळभर कापणी, दहा वाजता मेरेवर बसून पेज आणि सुका बांगडा, मग पुन्हा कापणी. दुपारी आदल्या दिवशीचे भारे डोक्यावरून अंगणात आणले. तिथे भाड्याचे मळणीयंत्र लागले. आजी सूप घेऊन वाऱ्याच्या दिशेने उभी राहिली ती दिवस मावळेपर्यंत. मी भारे बांधत होतो आणि मधूनमधून वहीत आकडे टिपत होतो.

मजुरीच्या बायका उत्तर कर्नाटकातल्या. बेळगावच्या मुक्कामात मला कानडी बोलता येऊ लागले आहे, म्हणून त्यांचे पैसे देण्याचे काम माझ्याकडे. पैसे मोजून घेता घेता त्यांतली थोरली म्हणाली, "तम्मा, निम्म अव्वग कूली एष्ट?" तुझ्या आईला मजुरी किती? मी म्हटले, घरचे काम, त्याला मजुरी कसली! ती हसली आणि म्हणाली, "मग घरच्या कामाने कंबर दुखत नसेल."

थट्टेतलेच बोलणे, पण रात्री वही उघडली तेव्हा ते आठवले. नांगरणी ३,००० रुपये, बी आणि खत २,४००, दोन बायकांची दोन दिवसांची मजुरी २,४०० आणि मळणीयंत्र १,२००, असा एकूण खर्च ९,००० रुपये. पुढे भात वाळवून मोजले तेव्हा ८ क्विंटल भरले. आम्ही ते विकत नाही, उकडे तांदूळ करून खातो. तरी केंद्र सरकारचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये धरला, तर किंमत १८,९५२ रुपये होते. म्हणजे ९,९५२ रुपये नफा. "घरची माणसे" या ओळीपुढे मी शून्य मांडले होते.

ते शून्य खोडून मी आईला दिवस विचारले. रोप घालणे, लावणी, बेणणी, कापणी, वाळवण असे आईचे २२ दिवस, काकीचे १०, बाबांचे ५ आणि माझे ३. आजी म्हणाली, "माझे नको धरू." म्हणून तिचे धरले नाहीत. तरी ४० दिवस झाले. बाहेरच्या बाईला आम्ही ६०० रुपये रोज दिला, तोच दर लावला तर २४,००० रुपये. नफ्याच्या जागी १४,०४८ रुपयांचा तोटा उभा राहिला!

हा काही माझ्या डोक्यातला हिशेब नव्हे. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगही हमीभाव सुचवताना प्रत्यक्ष खर्चात कुटुंबाच्या श्रमाची किंमत मिळवतो. त्या रीतीने भाताचा २०२५-२६ चा देशातील सरासरी उत्पादनखर्च क्विंटलला १,५७९ रुपये धरला होता. आमचा निघतो ४,१२५. दिल्लीतील आयोगाला आईची मजुरी दिसते, आणि घरच्या वहीत तिला जागा नाही!

कोणी म्हणेल, मायेच्या कामाचा असा बाजार मांडू नये. पण बाबांच्या टॅक्सीचा दिवस बुडाला तेव्हा त्याची किंमत घरात सगळ्यांनीच बोलून दाखवली. मग माया फक्त बायकांच्याच श्रमात असते काय? दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. असा तोटा दाखवला तर उरलीसुरली शेतेही पडीक पडतील. भातशेती वाचावी म्हणून गोव्यात २०२३ साली बिगरशेतकऱ्याला अशी जमीन विकण्यावर कायद्याने निर्बंध आणले. चांगलेच झाले. पण कायदा विक्री अडवील, विळा धरणारे हात कुठून आणील? तोटा आज झालेला नाही, तो वर्षानुवर्षे होतच आहे. फक्त तो एकाच माणसाच्या कमरेवर जमा होत होता.

माझे म्हणणे असे की, शेत ठेवायचे की टाकायचे हे ज्याने दिवस घातले त्याला आधी विचारावे. आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. कागदावर अर्धी धनीण असलेली आई निर्णयाच्या वेळी मात्र चुलीपाशी असते.

त्या रात्री मी ती चाळीस दिवसांची ओळ मोठ्याने वाचली. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच आईला विचारले, "तू सांग, काय करूया?" आई म्हणाली, "दोन कोपरे करूया, घरच्या पेजेपुरते. तिसरा माझ्याच्याने होत नाही. आणि लावणीला तुम्ही चार दिवस जास्त या." काकीला तिसऱ्या कोपऱ्यात मिरची हवी आहे. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे खरे. पण ती खुडणार कोण, ते दिवस वहीत लिहिल्याशिवाय तिसऱ्या कोपऱ्याचे ठरवायचे नाही, असे ठरले आहे.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांची घरे शेतीची आहेत. या सुट्टीत घरी जाल तेव्हा वहीत एक रकाना अधिक आखा आणि तो आईला विचारून भरा. ताळेबंद जुळेल की नाही हे मी सांगू शकत नाही. निदान तो खरा तरी असेल.